रायखानच्या घरातली नावं

रायखान म्हातारीच्या घरात प्रत्येकाला एकेक छानसं नाव होतं, आणि ती सगळी नावं तिच्या थोरल्या सुनेनं, शोलपाननं ठेवलेली होती. धड नाव नव्हतं ते फक्त शोलपानलाच.

जन्मनाव होतं की. शोलपान, म्हणजे पहाटेची चांदणी. बापानं हौसेनं ठेवलेलं. पण लग्न होऊन कारासू गावात आल्यापासून ते नाव ह्या घरात कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. इथं तिला म्हणायचे ‘किताय’. किताय म्हणजे चीन, आणि किताय म्हणजे चिनी. ‘किताय, चहा ठेव.’ ‘किताय, वासरू सुटलंय बघ.’ ‘अगं किताय, तुझ्या नवऱ्याचा फोन.’

सुनेनं सासरच्या माणसांची नावं तोंडानं घ्यायची नाहीत, हा आमच्या कझाक माळावरचा जुना दंडक. सासू-सासरे, दीर, नणंदा सोडाच, ती यायच्या आधी त्या घरात जन्मलेलं शेंबडं पोरसुद्धा तिला मानाचं. मग हाक कशी मारायची? तर प्रत्येकाला आपल्या मनानं एक नाव द्यायचं आणि जन्मभर त्याच नावानं बोलवायचं. नाव जमून आलं तर घरचेही तेच म्हणायला लागतात, मग शेजारी, मग सगळा गाव. कुणाकडं नवी सून आली की बाया तिचं रूप नंतर बघतात. आधी विचारतात, “नावं काय काय ठेवली गं?”

शोलपानच्या जिभेला ह्या कामात यश होतं. तिचे चुलतसासरे गावभर ‘सुपकान्या’ म्हणून ठाऊक. कान होतेच तसे, वारा सुटला की हलायचे म्हणे. शोलपान त्यांना पहिल्याच सकाळी ‘मिर्झा आगा’ म्हणाली, म्हणजे सरदारकाका. वर्षभरात सुपकान्या हे नाव पोरं विसरली आणि म्हातारा टोपी जरा ताठ घालायला लागला. नणंद गावात किराणा दुकान चालवायची आणि तिची जीभ म्हणजे धार लावलेली कात्री. तिला शोलपाननं नाव दिलं ‘शेकेर’, साखर. तेव्हा बाया रुमालाआड हसल्या होत्या. पण कात्रीला कुणी रोज साखर म्हणू लागलं की तीही थोडी ओशाळते. नणंद तांदूळ तोलताना मूठभर झुकतं माप द्यायला लागली, हे मी नाही, तिची गिऱ्हाइकं सांगतात.

आणि सासूला तिनं नाव दिलं होतं ‘अक आना’. दुधासारख्या स्वच्छ मनाची आई.

सासूचं खरं नाव रायखान. आमच्याकडं रायखान म्हणजे सब्जा, परसात लावतात तो. सासूचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर त्या झाडाचंही नाव घ्यायचं नाही. शोलपान त्याला ‘वासाचा पाला’ म्हणायची. पहिल्या वर्षी वाफा खुरपताना एकदा तिच्या तोंडून निसटलं, “रायखानला पाणी घालू का?” झालं! शेकेरनं अंगण डोक्यावर घेतलं, “दंड! दंड!” असं नाव निसटलं तर सुनेनं आपल्याजवळची एखादी चांगली चीज ज्याचं नाव निघालं त्याच्यापुढं ठेवायची, अशी रीत आहे. शोलपाननं माहेरची लोकरीची शाल ठेवली. सगळे पोट धरून हसले, तीही हसली. सासू ती शाल आजतागायत गुडघ्यांवर घेऊन बसते.

हे सगळं गोडीगुलाबीनं चालायचं, आणि ह्यातच खरी मेख होती. रायखान दुष्ट सासू नव्हती. शोलपान बाळंत झाली तेव्हा म्हातारीनं कळपातला उत्तम मेंढा कापून तिला महिनाभर रस्सा पाजला. सुनेला जड बादली उचलू दिली नाही. पण लग्नाच्या दिवशी, गवयानं गाणं म्हणत काठीनं नवरीच्या तोंडावरचा पडदा वर केला तेव्हा, हीच म्हातारी शेजारणीला म्हणाली होती, “बघा बाई, आमच्याकडंही चिनी माल आला. टिकला म्हणजे मिळवली.” मांडवभर हशा पिकला; नवरीचे आईबाप त्या कार्याला नसतात. नवरीला मान वर करायची नसते, म्हणून शोलपाननं ती केली नाही. त्या दिवशी चिकटलेलं नाव मग निघालंच नाही.

शोलपानच्या आज्यानं दुष्काळात चार मेंढरं पुढं घालून डोंगर ओलांडला होता आणि पलीकडं, चीनच्या हद्दीत, जीव जगवला होता. तिथं दोन पिढ्या लोक बोट दाखवायचे, हे कझाक. मग रशियाचं राज्य जाऊन आपला देश आपला झाला, परत या म्हणाला, तेव्हा तिचा बाप झुमादिल बायको-पोरांना घेऊन परत आला. हद्द ओलांडल्या ओलांडल्या त्यानं खाली वाकून माती कपाळाला लावली. आणि इथल्या लोकांनी बोट दाखवलं, हे चिनी. ना घरका ना घाटका म्हणतात ते हेच. बापाला मात्र हे फारसं टोचलं नव्हतं, कारण तो परत आलेल्यांच्याच वस्तीत राहायचा आणि दिवसभर इथल्या शहरी लोकांना नावं ठेवायचा. रशियन बोलणाऱ्या कझाकांना तो ‘शाला’ म्हणे. शाला म्हणजे अर्धवट शिजलेलं. ना कच्चं, ना पक्कं. जो भेटेल तो शाला. शोलपानही माहेरी गेली की त्याच्याबरोबर हसायची.

सासरी आपल्याला काय म्हणतात हे मात्र तिनं बापाला कधी कळू दिलं नव्हतं. तो येणार असला की ती दारातच उभी राहायची, हाक यायच्या आत स्वतःच पुढं व्हायची.

नवऱ्याला तिनं एकदा सांगून पाहिलं. कुआनिश लांबच्या मालट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. तो म्हणाला, “आई लाडानं म्हणते गं. किती मनाला लावून घेशील?” लाडानं! बैलाला लाडानं बैल म्हणा, तो काही बोलणार नाही. माणूसही बोलत नाही कधी कधी, पण त्याला ऐकू येतं.

आता सुनेला नाव देण्याचा हक्क कुणाला? तिच्यानंतर येणाऱ्या सुनेला. धाकटी जाऊ आली की थोरलीचं नाव तिला घेता येत नाही. ती एक नवं, मानाचं नाव देते, आणि ते घरात सगळ्यांनी उचलायचं असतं. शोलपाननं घरातल्या प्रत्येकाला नाव दिलं होतं, तिला द्यायला मात्र तिच्या खाली कुणी नव्हतं. म्हणून ती धाकट्या दिराच्या लग्नाची वाट बघत बसली. झांदोसला पोरगी बघा म्हणून सासूपेक्षा तिचाच तगादा जास्त. लोकांना वाटे, काय ही माया दिरावर!

त्या वर्षी घाई आणखी वाढली. तिची मुलगी अकबोता पानझडीत शाळेत जाणार होती. एक दिवस कुर्ताचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, खडा चघळत ती म्हणाली, “आई, शेजारचे मला कितायची पोर म्हणतात. बाबा कझाक आहेत ना? मग मी अर्धी किताय आहे का?” शोलपान तिची वेणी घालत होती. तिनं वेणी जरा जास्तच आवळली, पोर ओरडली, आणि ते बोलणं तिथंच राहिलं. पण शोलपानच्या मनात पक्कं झालं की शाळा सुरू व्हायच्या आत हे नाव घरातून जायला हवं.

उन्हाळ्यात झांदोसचं लग्न झालं. नवरी अल्माटी शहरातली, नाव आलुआ. दिसायला नाजूक, नखं रंगवलेली, आणि कझाक बोलायला लागली की वाक्य अर्ध्यावर बसायचं, खटाऱ्याचं चाक निघाल्यासारखं. मग डोळे मिटून शब्द शोधायची. सासू हसायची, शेकेर तर उघड उघड नक्कल करायची. शोलपाननं मात्र तिला पंखाखाली घेतलं. पियाला भरून चहा द्यायचा नाही, तळाशी घोटभर द्यायचा, म्हणजे पाहुणा पुन्हा पुन्हा मागतो, हे शिकवलं. वाकून सलाम कसा करायचा, बौरसाक, म्हणजे कणकेचे गोळे, तेलात सोडताना हात कसा मागं घ्यायचा, सगळं.

आणि नावं शिकवली. थोरल्या जावेनं ठेवलेली नावं धाकटीला तशीच वापरता येतात. “हे मिर्झा आगा. ही शेकेर. आई अक आना.”

“किती सुंदर!” आलुआ म्हणाली. “सगळी तुम्ही केली, ताई?”

“सगळी मीच. पण माझं नाव तुला करावं लागेल हं. ते मला करता येत नाही.” हे बोलताना शोलपान कणीक मळत होती आणि तिनं मान वर केली नाही. “सुनेच्या चहाला लागेल. सावकाश कर. चांगलं कर.”

“मला भाषा कमी येते, ताई. वाईट नाव झालं तर?”

“तुझ्या मनातून आलेलं वाईट होणार नाही.”

ह्याहून जास्त ती काय सांगणार? मला असं असं नाव दे, हे सुनेनं मागायचं नसतं. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती स्वतःशीच नावं जुळवून बघायची. सोन्याची ताई. चांदणी. एखादं साधंसुधं, नुसतं थोरली ताई म्हटलं तरी चाललं असतं.

सुनेचा चहा म्हणजे नवी सून पहिल्यांदा सगळ्या सोयऱ्यांना आपल्या हातानं चहा देते तो दिवस. रायखानच्या घराण्यात त्या चहाला प्रत्येकाला नावानं हाक मारून पियाला पुढं करायची पद्धत. व्याही म्हणून झुमादिललाही बोलावणं गेलं. शोलपानला आनंदच झाला. बापासमोर तिला तिचं नाव मिळणार होतं.

झुमादिल मेंढा घेऊन आला. दारात आलुआनं त्याला वाकून सलाम केला आणि अडखळत काहीतरी म्हणाली. म्हातारा हसून मुलीच्या कानाशी लागला, “शाला आहे वाटतं?” शोलपानही ओठ दाबून हसली. आलुआचं लक्ष नसावं, असं तिनं धरून चाललं.

दस्तरखान अंथरला. बौरसाक, लोणी, जर्दाळू, साखरेचे खडे. सामोवारजवळ आलुआ बसली, डोक्याला पांढरा रुमाल, कपाळावर घाम. सगळ्यात वर, मानाच्या जागी, झुमादिल आणि मिर्झा आगा, मधे रायखान, गुडघ्यांवर ती लोकरीची शाल. शोलपान दाराजवळ बसली, उठबस करायला.

“अक आना, चहा,” आलुआ म्हणाली आणि दोन्ही हातांनी पियाला दिला. वाहवा झाली. “मिर्झा आगा, चहा.” “शेकेर, चहा.” एक शब्द चुकला नाही. शेकेरसुद्धा म्हणाली, “अगं, पोपटासारखी बोलतेय की!” मग आलुआनं शेवटचा पियाला भरला, घोटभरच, शिकवल्यासारखा. उठून दाराशी आली, वाकली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात, मनापासून म्हणाली:

“किताय ताई, चहा.”

शेकेरला हसू फुटलं होतं ते व्याह्यांच्या चेहऱ्याकडं बघून तिनं गिळलं. शोलपाननं पियाला घेतला, कारण हात पुढं आलेला होता. झुमादिलनं आपला पियाला खाली ठेवून आडवा केला. पुरे झाला चहा.

“कोणाला म्हणाली ती?” त्यानं विचारलं.

“अहो, लाडाचं नाव आहे ते,” रायखान म्हणाली. “सगळेच म्हणतो. ही पोर मला विचारायला आली, मीच म्हटलं, तेच म्हण, सोपं आहे. ह्या शहरातल्या पोरींना अवघड कुठं जमतंय?”

झुमादिलनं मुलीकडं पाहिलं. त्याला लोकांदेखत काही बोलायचं नव्हतं हे दिसत होतं, आणि त्यानं सगळं ओळखलंय हेही. त्याची ती नजर शोलपानला सोसवली नाही. मांस बघते म्हणून ती उठली आणि आत गेली.

आलुआ मागोमाग आली. “ताई, बरोबर झालं का? सगळं पाठ केलं होतं मी.”

मनात इतकी वर्षं जपून ठेवलेली एकच गोष्ट, आणि तिचं हे झालं. शोलपान वळली ती हातातल्या डावासकट. “बरोबर? अक्कल आहे का तुला? तुला एक, फक्त एक नाव करायला सांगितलं होतं! तोंडात धड भाषा नाही, डोक्यात काही नाही. शाला कुठली!”

आलुआचा चेहरा कसा झाला ते सांगण्यासारखं नाही, पण शोलपाननं तो ओळखला. आरशात रोज बघत होती ती. पोरगी रडली नाही. शब्द शोधायला तिनं डोळे मिटले, आणि ह्या वेळी ते लवकर सापडले, कारण हे वाक्य बहुधा पुष्कळ दिवस तयार होतं.

“मला शाळेत शाला म्हणायचे. बाजारात म्हातारी म्हणायची. टॅक्सीवाला म्हणायचा. तुमचे वडील दारात म्हणाले, मी ऐकलं. म्हणून मी गावात लग्न केलं, ताई. वाटलं, इथं शिकेन, मग कुणी नाही म्हणणार.” मग जरा थांबून म्हणाली, “किताय वाईट नाव आहे का? सगळे म्हणतात. तुम्ही तर ‘ओ’ देता. मला वाटलं, तुम्हाला आवडतं.”

तुम्ही तर ओ देता. शोलपानला वाटलं, कुणीतरी पायाखालची सतरंजी ओढली. खरंच की. रोज देत होती. एकदाही गप्प राहिली नव्हती. तिनं डाव खाली ठेवला. तेवढ्यात बाहेरून सासूचा आवाज आला, नेहमीचा, मोठा, बिनघोर:

“किताय! मांस आणतेस की झोपलीस?”

आताच एवढं झालं होतं, व्याही समोर बसला होता, तरी जीभ आपल्या वळणानं गेली. इतकी ती सवय. शोलपाननं मांसाचं तबक उचललं, बाहेर आली, दस्तरखानाच्या मधोमध ठेवलं आणि सरळ उभी राहून म्हणाली:

“आणलं, रायखान.”

म्हातारीच्या हातातला पियाला निसटला आणि शालीवर चहा सांडला. सून सासूचं नाव घेते, तेही भरल्या पंगतीत, डोळ्याला डोळा भिडवून! असलं कारासूत कुणी ऐकलं नव्हतं. मिर्झा आगांनी दाढीवरून हात फिरवला. नवराही त्या दिवशी घरी होता. तो नुसताच उठला आणि पुन्हा बसला.

“शोलपान!” बाप ओरडला. ह्या घरात तिचं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं ते असं, दटावायला. “माफी माग! आपण कझाक आहोत. आपल्यात असं बोलतात का सासूला?”

“आपल्यात सुनेला काय बोलतात, आके?” ती बापाला म्हणाली.

शेकेरनं वेळ मारून न्यायची म्हणून जोरात म्हटलं, “दंड! दंड! वहिनीच्या तोंडून नाव निसटलं!”

“निसटलं नाही. मी घेतलं.” शोलपाननं मनगटातलं चांदीचं कडं काढलं, आईचं, माहेरची एकच उरलेली वस्तू, आणि सासूपुढं ठेवलं. “म्हणून दंडही मोठा देते.”

रायखानचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. “मी तुझं काय वाईट केलं गं?” ती म्हणाली. “पोरीसारखं सांभाळलं. व्याह्यांसमोर माझी अशी शोभा करतेस?”

“सांभाळलंत. ते मी कुठं नाही म्हणते, अक आना? पण मी नुसतं तुमचं नाव घेतलं. तुमच्या वडिलांनी ठेवलेलं. शिवी नाही दिली. तरी बघा, पियाला सुटला हातातून.” ती पुढं म्हणाली. “मला तर तेही नाव नाही. पोरगी शाळेत जाईल आता. तिलाही तेच म्हणणार आहात?”

रायखान ओल्या शालीकडं बघत बसली.

तेव्हा स्वयंपाकघरातून आलुआ बाहेर आली. कानातले सोन्याचे डूल काढत काढतच आली. एक अडकला, तो ओढताना कान लाल झाला. शोलपानच्या पायाशी बसून तिनं दोन्ही डूल खाली ठेवले.

“माझा दंड,” ती म्हणाली. “मी ताईला वाईट नाव घेतलं. माहीत नव्हतं. पण घेतलं. तर दंड.”

त्या पंगतीत बसलेल्या प्रत्येकानं वर्षानुवर्षं ते नाव घेतलं होतं. जिनं एकदाच घेतलं, तेही आदरानं, न कळता, तीच एकटी भरपाई घेऊन आली. कुणी कुणाकडं बघेना. मग मिर्झा आगा, त्यांचे ते कान लालबुंद झालेले, त्यांनी डोक्यावरची नक्षीची टोपी काढली आणि हात लांब करून डुलांशेजारी ठेवली. “सुपकान्या म्हणायचे मला,” ते म्हणाले. “ह्या पोरीनं ते पुसलं. मी तिचं काय पुसलं? काही नाही.” बाकी कुणी काही ठेवलं नाही. शेकेर बोटातली अंगठी फिरवत राहिली, पण ती तिच्या बोटातून सहज निघत नव्हती, असं तिनं मागून सांगितलं.

शोलपाननं टोपी उचलून म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवली. मग आलुआसमोर बसून डूल तिच्या कानात घातले. “तुझा दंड नाही. माझा आहे. मी हिला आत्ता आत शाला म्हणाले,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. “माझ्याकडं कडं एकच होतं, ते गेलं. तुझं देणं राहिलं माझ्यावर. आणि आके, तुमच्यावरही.” झुमादिलनं मान खाली घातली. असा खाली मान घातलेला बाप तिनं कधी पाहिला नव्हता, चीन सोडतानासुद्धा.

मांस निवलं. थोडंफार खाल्लं गेलं. पाहुण्यांनी उठताना आशीर्वाद द्यायचा असतो; झुमादिलनं तळवे वर केले, ओठ हलवले, पण काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही.

शोलपान त्याला बसपर्यंत सोडायला गेली.

“का नाही सांगितलंस?” त्यानं विचारलं.

“तुम्ही माती लावली होती कपाळाला,” ती म्हणाली.

तो रस्त्याकडं बघू लागला. बस आली तेव्हा म्हणाला, “त्या पोरीला सांग, तिचा सलाम चांगला होता. मी घेतला नाही नीट.”

रायखान त्यानंतर किती दिवस सुनेशी बोलली नाही ते मी मोजलं नाही. कडं खिडकीत पडून राहिलं. तिनं ते घेतलं नाही आणि परतही दिलं नाही. पण एक गंमत घरच्यांच्या ध्यानात आली. म्हातारीला आता शोलपानला हाक मारता येईना. ‘कि’ म्हणून तोंड उघडायची आणि तिथंच मिटायची. काही हवं असलं की बिचारी स्वतः उठायची, दुखरे गुडघे ओढत, भिंतीला धरत अंगण ओलांडायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून धापा टाकायची आणि म्हणायची, “चहा.” नुसतं चहा. जन्माची सवय मोडणं सोपं नसतं, आणि त्या जागी दुसरं काही ठेवणं त्याहून अवघड. शोलपान चहा द्यायची. आलुआ दोघींच्या मधे बसून नाव शोधायची, रोज नवं, आणि रोज म्हणायची, “नाही ताई, हे अजून चांगलं नाही.”

मग गारठा सुरू झाला. अकबोता डोक्याला रिबिनीची दोन पांढरी मोठी फुलं बांधून शाळेत जाऊ लागली. एका सकाळी आभाळ भरून आलं होतं, असल्या हवेत म्हातारीचे गुडघे जागेवरून हलत नाहीत. शोलपान आणि आलुआ दोघी स्वयंपाकघरात. एकीचे हात कोपरापर्यंत कणकेत, दुसरी बौरसाक तळतेय. अंगणापलीकडच्या खोलीतून सासूचा आवाज आला. जरा थांबला. पुन्हा आला, ह्या वेळी मोठ्यानं.

शोलपान कणीक मळतच राहिली. तिला वाटलं, म्हातारी रस्त्यावरनं जाणाऱ्या कुणा बाईला बोलावतेय.

आलुआनं तिच्या कोपराला हात लावला. “ताई,” ती म्हणाली, “तुम्हाला बोलवतायत. शोलपान म्हणाल्या.”